मानाचा जिताडा

जूचंद्र गावच्या हरेश्वर म्हात्रेच्या तळ्यात मादी नव्हती. म्हणजे कोणी पाहिली नव्हती, आणि हरेश्वरनं जे पाहिलं नाही ते जगात नाही, असा त्या घरचा कायदा होता. तळ्यातले सगळे जिताडे मासे नर, जातिवंत, खानदानी. हे तो इतक्या अभिमानानं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यांच्या मुंजी यानंच लावल्या.

तळं गाव आणि मिठागर यांच्या मधल्या खाजणात, भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीत होतं. आजोबांनी बांध घातला होता आणि बांधात एक लाकडी झडप बसवली होती, तिला उघाडी म्हणतात. भरतीला उघाडी वर करायची, खाडीचं पाणी आत येतं, पाण्याबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं येतात. ओहोटीच्या आत उघाडी खाली टाकायची, की पिल्लं अडकली. मग ती आपली आपण कोळंबी, निवट्या असली चिखलातली बारीक मासळी खाऊन वाढतात. या सगळ्याला हरेश्वर धंदा म्हणायचा. त्यात त्याचं काम म्हणजे संध्याकाळी बांधावर बसणं, आणि ते तो मन लावून करायचा.

या तळ्याला एक रीत होती. दर पावसाळ्यात तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा साहेबाला द्यायचा. कुठल्या साहेबाला, तर त्या साली ज्याच्या सहीवाचून अडलं असेल त्याला. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, हरेश्वरनं दिला. मासा अख्खा द्यायचा, नव्या सुपात, केळीच्या पानावर, कपाळाला कुंकू लावून. मानाच्या माशाला घरची सुरी लागता कामा नये. तीन पिढ्या म्हात्रे मंडळींनी मोठे जिताडे नुसते सुपातून जाताना पाहिले आणि लहान जिताडे खाल्ले. लहानात कधी गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, निघाली नाही. झालं, सिद्ध झालं. आपल्या तळ्यात मादी नाही.

सगळ्यात मोठा मासा देण्याच्या रीतीला अपवाद एकट्या पाटलाचा. पाटील हे त्या तळ्यातल्या सगळ्यात थोराड माशाचं नाव, हरेश्वरनंच ठेवलेलं. बायको गेली त्या वर्षी तो बांधावर जरा जास्तच बसायला लागला आणि हा एक जिताडा त्याच्या हातच्या निवट्यांना वर यायला लागला. पाण्यात नुसती रुपेरी कूस वळायची आणि भप्प आवाज व्हायचा. मग मानाची वेळ आली की हरेश्वर डोळा चुकवून दुसऱ्या नंबरचा मासा सुपात घालायचा. आयुष्यात त्यानं साहेबाशी केलेली तेवढी एकच लबाडी. पाटील मात्र वर्षामागून वर्षं वाढत गेला. "काय छाती, काय ऐट," हरेश्वर म्हणायचा. "मरद हाय मरद."

मग त्या बाजूनं रस्ता आला. नव्वदच्या दशकाचा शेवट, नायगाव पूर्वेला माणसांपेक्षा इमारती जास्त होत होत्या. रस्त्यासाठी भराव पडला, भरावात खाडीचा फाटा गाडला गेला आणि उघाडीच्या तोंडाशी भरती यायची बंद झाली. थोडंफार पाणी मिठागराच्या कालव्यानं आत यायचं, पण त्यातून पिल्लू येत नव्हतं. तीन पावसाळे गेले. तळ्यात उरले पाटील आणि त्याच्या मागचे दहा-बारा.

हरेश्वरचा मुलगा विघ्नेश मुंबईत विम्याच्या कचेरीत होता आणि त्याच्या मोबाइलवर आता एक बिल्डर राहायला आला होता. "बाबा, तळ्यात आता आहे काय? डास," विघ्नेश म्हणाला. "भरून टाकू."

हरेश्वरनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. बापजाद्यांचं तळं, त्याच्या काठी बायकोचं अर्धं आयुष्य गेलेलं. पण मुलाशी भांडून जिंकायचं वय सरलं होतं, म्हणून त्यानं मुदत मागितली. "गनपतीपर्यंत थांब. तल्यात पिल्लं दिसली तर तलं रायल. नाय दिसली तर घाल तुज्या बिल्डरच्या घशान."

विघ्नेश हो म्हणाला. त्याला काय, गणपतीपर्यंत कोणी जिताड्याचं बारसं करणार नव्हतं.

पण त्याच्या बायकोनं हे मनावर घेतलं. वसुंधरा विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, प्राणिशास्त्र शिकलेली, वसईत ज्युनियर कॉलेजात शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा गावानं तिला विचारलं होतं, माशावर एवढं शिकलीस तर कालवण येतं का. येत होतं. त्यामुळे बाकीच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झालं.

एका संध्याकाळी ती बांधावर येऊन सासऱ्याजवळ बसली. "बाबा, पिल्लं इथंच होऊ शकतात. पाटील मादी आहे."

हरेश्वरनं तिच्याकडे पाहिलंच नाही. काही बोलणी ऐकू न येण्याचं वय त्याला सोयीनं आलं होतं.

"जिताडा जन्मतो तेव्हा नर असतो," वसुंधरा म्हणाली. "चार-पाच वर्षं नर म्हणून काढतो. मग वाढला की शरीरातले रस बदलतात, आणि त्याची मादी होते. सगळ्यांची होते. तुमचा पाटील केव्हाच झाला असणार. बाकीचे अजून लहान आहेत, ते नर."

"बाई व्हतं? आपलं आपन?"

"आपलं आपण."

"ह्या तल्यान तसला परकार चालत नाय," हरेश्वर म्हणाला.

ती हसली नाही, हे तिचं चुकलं. हसली असती तर त्याला वाटलं असतं, पोर चेष्टा करतेय, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती पुढं समजावत गेली. दर वर्षी आपण सगळ्यात मोठा मासा साहेबाला देतो, म्हणजे दर वर्षी आपण नेमकी मादीच देतो. चाळीस-पन्नास वर्षं निवडून निवडून माद्या बाहेर घालवल्या आणि वर म्हणतो, आमच्या तळ्यात मादी नाही. आडातच ठेवली नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पाटील तुमच्या मायेनं वाचला, म्हणून एक तरी उरली.

मायेचं नाव निघालं तसा हरेश्वर जरा सैल झाला. "मंग इतकी वरसं अंडी का नाय घातली त्यानं?"

"कारण मेंदू हुकूम देत नाही. चांदणं डोळ्यांना दिसतं, पाण्याचा खारेपणा अंगाला कळतो, भरतीची ओढ लागते. हे सगळं मेंदूकडे जातं. मेंदूच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढी एक ग्रंथी असते. मेंदूनं सांगितलं की ती रक्तात रस सोडते, रस अंड्यांपर्यंत पोचतो, तेव्हा अंडी सुटतात. आपल्याकडे भरतीच येत नाही. पोटात अंडी तयार होतात आणि नुसती बसून राहतात."

हरेश्वरनं विचार केला. हे त्याला चांगलंच ओळखीचं वाटलं. आयुष्यभर त्याचे अर्ज असेच तयार होऊन बसले होते. "मंजे सगला कागद तयार हाय, वरच्या साह्यबाची सही नाय."

"अगदी तसंच."

"आन तू काय करनार?"

"इंजेक्शन. मेंदू जे सांगतो तेच औषधातून सांगायचं. दक्षिणेत सरकारी केंद्रात हे जमवलंय. माझ्या सरांनी औषध मिळवून देतो म्हटलंय. घरामागच्या टाकीत मिठागरातलं खारं पाणी भरायचं, पाटलाला आणि दोन नरांना त्यात सोडायचं, पौर्णिमेच्या सुमारास सुई टोचायची."

"मंजे खोटी सही."

इतका वेळ समजावल्यावर हा माणूस इतक्या चपखलपणे चुकीच्या जागी पोचेल, हे वसुंधराच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हात्र्यांनी कदी खोटी सही केली नाय," हरेश्वर उठत म्हणाला. बोलून त्याला बरं वाटलं. तत्त्वाचं काही बोललं की त्याला भूकही चांगली लागायची.

तरी त्यानं नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या घरात नाही न म्हणणं म्हणजे पाठिंबाच. वसुंधरानं टाकी घासून घेतली, खारं पाणी भरलं, सरांना फोन केले. जाता येता सासऱ्याला एकच सांगत होती. "कुठलाही मासा काढा, पाटलाला हात लावू नका."

इकडे हरेश्वरच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. खोट्या सहीची गरजच काय, खरा साहेब आहे की. तालुक्याला बांध आणि उघाड्या बघणारे एक नवे साहेब आले होते. त्यांनी मनावर घेतलं तर भरावाखालून मोठा पाइप टाकतील, उघाडीला पुन्हा भरती लागेल, खाडीतून पिल्लं येतील, आजोबांच्या वेळेसारखी. सून म्हणते मेंदूनं हुकूम दिला पाहिजे. बरोबर आहे, पण हुकूम देणारा मेंदू तालुक्याला बसतो, माशाच्या डोक्यात नाही. एवढं साधं तिला एमएस्सी होऊन कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

तो साहेबांना भेटला. साहेब गोड बोलले. नव्या साहेबांचं पहिलं वर्ष गोडच असतं. हरेश्वरनं मानाच्या माशाचा विषय काढल्यावर ते आणखी गोड झाले, आणि मग त्यांनी अडचण सांगितली. "घरी श्रावण आहे हो. मिसेस कडक. मासा उंबरठ्याच्या आत येऊ देणार नाही. असं करू, मीच येतो तुमच्याकडे बुधवारी. गावचं कालवण होऊन जाऊ दे."

हरेश्वर धन्य झाला. साहेब जातीनं येणार, आणि घरात जेवणार. पण मग मासाही तसाच हवा. दुसऱ्या नंबरचा होता जेमतेम हातभर, पाहुण्याच्या पानात तुकडा ओशाळला असता. त्यात तीन पावसाळे लहान माशांची भर नव्हती, रीत तर सगळ्यात मोठ्याची. यापूर्वी लबाडी केली म्हणूनच तर खाडी बंद झाली नसेल? असला विचार एकदा आला की माणसाला जेवण जात नाही. मंगळवारभर तो बांधावर बसला. पाटील दोनदा वर आला, दोन्ही वेळा हरेश्वरनं त्याला निवट्या घातल्या आणि मान फिरवली. तळं वाचवायचं तर पाटलाला द्यायला हवं. जीव तुटत होता, पण त्याला वाटत होतं की आपण मोठा त्याग करतोय, आणि त्यागाची एक नशा असतेच.

बुधवारी वसुंधरा पहाटेच बाहेर पडली. त्या दिवशी सरांकडून औषध मिळणार होतं. ती गेली तसा हरेश्वरनं सॅन्टनला बोलावलं. सॅन्टन नायगाव कोळीवाड्यातला जुना दोस्त. खाडीत आणि बाहेर समुद्रात उभं आयुष्य काढलेला, आणि जाळं टाकताना तोंड बंद न ठेवणारा.

"पाटलाला काढतो? तुजा जीव हाय ना त्याच्यावर," सॅन्टन म्हणाला.

"जीव हाय म्हनून तर मान."

सॅन्टननं पाटलाला जाळ्यात घेतलं, दोघांना मिळून ओढावा लागला. बांधावर आल्यावर त्यानं माशाच्या पोटावरून हात फिरवला आणि भुवई वर केली. "हरेश्वर, हा पोटान जर आय." खाडीकाठच्या बोलीत ड चा र होतो, जड म्हणजे जर.

"खाऊनपिऊन सुखी हाय तो."

"बाहेर समुद्रात असला जर मासा आला का..."

"तुजा समुद्र वेगला, माजं तलं वेगलं," हरेश्वर म्हणाला. सॅन्टन वीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसला.

दुपारी वसुंधरा आली ती छातीशी थर्मास धरून. थर्मासात बर्फ, बर्फात बोटाएवढी कुपी. ट्रेनमध्ये तिनं ती बाळासारखी सांभाळली होती. अंगणात नवं सूप होतं, सुपात केळीचं पान, पानावर पाटील, कपाळावर कुंकू. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. थर्मास खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"साह्येब येनार हायेत," हरेश्वर तिच्याकडे न बघता म्हणाला. "हीतंच जेवनार. आता सुरी आपल्यालाच लावायला लागल."

ती आत गेली, कुपी फ्रिजच्या दारात लोण्याच्या डबीशेजारी ठेवली, साडी बदलली, विळी घेऊन अंगणात बसली. सासऱ्यानं वाट पाहिली की ही रडेल, ओरडेल. मग त्याला समजावता आलं असतं. तिनं खवले काढले, कल्ले काढले. मग पोट चिरलं.

गाभोळीचे दोन लांबट, पिवळे, टच्च भरलेले लोळे विळीच्या पाटावर घसरत आले. एवढे मोठे, की एका हातात मावेनात. कणी कणी वेगळी दिसत होती. तीन पिढ्यांत त्या अंगणात मोठ्या जिताड्याचं पोट पहिल्यांदा उघडलं होतं.

हरेश्वर खाटेवर बसला होता, तिथून त्याला सगळं दिसलं. त्याची तंबाखू हातातच राहिली. वसुंधरानं मान वर केली नाही. तिनं गाभोळी हळू उचलली, धुतली आणि हळद-मीठ लावून बाजूला ठेवली.

साहेब आले. बरोबर ड्रायव्हर आणि एक कारकून, कारण रीतच आहे तशी. विघ्नेशनं कचेरीतून अर्धा दिवस काढला होता, बघायला, की बापाचा साहेब खरंच काही करतो का. पानं मांडली. कालवण, तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी, आणि शेवटी वसुंधरानं तळलेली गाभोळी आणली.

"अरे वा," साहेब म्हणाले. "गाभोळी. मादी होती तर."

पाटलाची ख्याती गावाला ठाऊक, कारकुनालाही ठाऊक. कारकून हळूच म्हणाला, "काका, तुमच्या तळ्यात मादीच नाही म्हणायचे ना?"

हरेश्वरला उत्तर द्यायलाच हवं होतं. घरचा प्रमुख होता तो. "ती काय हाय," तो म्हणाला, "मासा मोटा झाला, मानाचा झाला, का नरालापन गाभोली येते."

"असेल असेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

ही म्हणजे हरेश्वर म्हात्रेची प्राणिशास्त्रातली भर. गंमत अशी की शब्दन् शब्द सून म्हणत होती तसाच होता. फक्त तो स्वतःला ऐकत नव्हता.

जेवणं आटपल्यावर हरेश्वरनं विषय काढला. भराव, पाइप, उघाडी. साहेब दात कोरत होते. "ती उघाडी? अहो म्हात्रे, ती आता आमच्या कागदावर नाहीच. तो सगळा पट्टा रस्त्यात गेला, फाटा कायमचा बंद. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. गेल्या वर्षीच झालं."

"मंग तुमी त्या दिवशी..."

"बघू म्हटलं होतं. बघितलं." साहेबांनी पान तोंडात टाकलं. जाताना जीपमधून त्यांनी मान बाहेर काढली. "पुढच्या वर्षी पण असाच मोठा बघून ठेवा हं."

"ठेवतो, साह्येब," हरेश्वरनं हात जोडले. सवयीचे हात, ते आपोआप जुळतात.

जीप गेली. विघ्नेश मोबाइल घेऊन अंगणाच्या कडेला गेला. त्याला बापाशी वाद घालायची गरजच उरली नव्हती.

हरेश्वर स्वयंपाकघरात आला. वसुंधरा भांडी आवरत होती. त्याच्या पानावर गाभोळीचा तुकडा तसाच राहिला होता, तिनं तो वाटीत काढून झाकून ठेवला होता. अन्न टाकायचं नाही, हाही त्या घरचा कायदा. त्यानं उभ्या उभ्या तो खाल्ला. चव उत्तम होती. तेच त्याला सोसलं नाही, तो पाटावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

वसुंधरानं हात पुसले, फ्रिज उघडला, दारातली कुपी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "बाबा," ती म्हणाली, "हे आता कोणाला टोचू?"

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

हरेश्वरनं कुपीकडे पाहिलं. "मेंदूचं औशद हाय ना ते?"

"हो."

"मनाच टोच मंग."

"औषधाचं प्रमाण वजनावर असतं, बाबा," वसुंधरा म्हणाली. "तुम्हाला एवढ्यानं गुण नाही येणार." आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला फुटलं. सासरा आणि सून स्वयंपाकघरात समोरासमोर बसून एका माशासाठी रडले. गाव म्हणालं असतं, वेडे आहेत. गावाला कोणी सांगितलं नाही.

गणपती आले आणि गेले. तळ्यात पिल्लू दिसलं नाही. दिसणार कुठून. विघ्नेशनं मुदत पाळली होती, हरेश्वरनंही शब्द पाळला. डंपर सोमवारी यायचे ठरले. आदल्या दिवशी चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून सॅन्टन जाळं घेऊन आला. उरलेले दहा-बारा जिताडे त्यांनी पाण्याच्या पिंपांत घेतले, खाडीत सोडायला होडीपर्यंत टेम्पोनं न्यायचे होते.

सॅन्टननं सवयीनं त्यांतला सगळ्यात मोठा दोन्ही हातांनी वर उचलला. रुपेरी कूस, छाती, ऐट, सगळं होतं. "हा जर आय," तो म्हणाला. "कोनाला द्याचा?"

वसुंधरा बांधावर उभी होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं.

"कोनाला नाय," हरेश्वर म्हणाला. "खारीन सोर. त्याला आजून बाई व्हायचं हाय."